गाठीचे कूळ

मांडीत, गुडघ्यामागे किंवा दंडात आलेल्या गाठीचा तुकडा तपासायला जातो, काही दिवसांनी कधी न ऐकलेल्या नावाचा रिपोर्ट हातात पडतो आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न येतो, ‘हा कशाचा कॅन्सर?’ विचारणाऱ्याला तोंडाचा, गर्भाशयाचा, यकृताचा अशा धर्तीचे उत्तर हवे असते. डॉक्टरही घाईत तसेच उत्तर देऊन मोकळे होतात: सांध्याच्या अस्तराचा, स्नायूचा, चरबीचा. प्रश्नामागे आणि उत्तरामागे समज एकच आहे. प्रत्येक गाठ कुठल्या तरी निरोगी पेशीतून निघते, सूक्ष्मदर्शकाखाली ती मूळ पेशी ओळखू येते आणि रोगाचे नाव म्हणजे त्या ओळखीची नोंद. विकृतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांची रचनाही अनेक दशके याच समजावर उभी होती.

हा समज उथळ आहे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपण म्हणत आलो. गाठीच्या बाबतीत मात्र कुळाचाच हट्ट धरून बसलो. माझे म्हणणे असे आहे की काचेवर दिसते ते पेशीचे आजचे वागणे, म्हणजे ती कोणती जनुके चालू ठेवून आहे आणि कोणती बंद. ती आली कुठून, हे त्या काचेवर लिहिलेले नसते. मऊ ऊतींच्या दुर्मीळ गाठींत तर रूप आणि उगम यांची फारकत इतकी झालेली आहे की रूपावरून उगम सांगणारा हमखास फसतो. कुळाचा नाद सोडून वागणे आणि त्यामागचा जनुकातला बिघाड तपासला, तरच जालना, बीड, परभणी, बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाच्या पदरात योग्य निदान पडेल. या म्हणण्याला आधार काय, ते टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. काचेवर नेमके काय दिसते

उदाहरण म्हणून सायनोव्हियल सार्कोमा घेऊ. प्रौढांच्या सर्व कर्करोगांत सार्कोमा, म्हणजे हाडांत आणि मऊ ऊतींत होणारे कर्करोग, सुमारे एक टक्का. त्यांचे सत्तरहून अधिक प्रकार. आणि मऊ ऊतींच्या सार्कोमांपैकी पाच ते दहा टक्के हा एक प्रकार. पंधरा ते चाळीस या वयात तो जास्त आढळतो, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या पोराला किंवा नुकत्याच संसाराला लागलेल्या बाईला.

गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवून त्याचा ठोकळा करतात, ठोकळ्यावरून तीन-चार मायक्रॉन जाडीचा पापुद्रा काढून काचेवर चढवतात आणि दोन रंगांत रंगवतात. केंद्रके निळी-जांभळी होतात, बाकी सारे गुलाबी. मग दिसतात लांबट, निमुळत्या पेशींचे घट्ट पट्टे, एकमेकांना छेदत गेलेले. केंद्रके जवळपास एका मापाची, एकावर एक चढलेली. भोवतीचा पेशीद्रव नावालाच. मधूनमधून कोलॅजेनचे बारीक, ताठ धागे, विखुरलेल्या मास्ट पेशी, फाटे फुटत गेलेल्या पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्या. काही गाठींत कॅल्शियमचे कण साचलेले असतात, ते साध्या एक्स-रेतही उमटतात.

आणि मग, काही गाठींत, याच पट्ट्यांच्या मधोमध भलतेच काही उभे राहते. घनाकार पेशी रांगेने उभ्या राहून पोकळी घेरतात, पोकळीत गुलाबी स्राव साठतो. ही ग्रंथी झाली. मांडीच्या स्नायूंत ग्रंथी कुठून आली? तिथे ग्रंथी बनवणारी पेशी मुळातच नसते. ज्याने हे पहिल्यांदा पाहिले असेल तो चक्रावला असेल, यात मला शंका नाही. उत्तर शोधताना जुन्या विकृतितज्ज्ञांना सांध्याच्या आतली पोकळी आणि तिचे अस्तर आठवले. गाठ बहुधा गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्याच्या आसपास असते, पोकळीभोवती पेशी मांडून बसते, तेव्हा ती सांध्याच्या अस्तरातून, सायनोव्हियममधून निघाली असणार. या तर्कावर नाव पडले आणि आजही तेच चालू आहे.

२. नाव सांध्याचे, पुरावा उलटा

तर्क देखणा होता, पण पुराव्यापुढे टिकला नाही. या गाठी सांध्याच्या जवळ होतात. प्रत्यक्ष सांध्याच्या पोकळीत होणाऱ्या गाठी पाच टक्क्यांहूनही कमी. फुप्फुस, मूत्रपिंड, हृदय, मान, पोटाची भिंत अशा ठिकाणीही त्या सापडल्या आहेत, जिथे सांध्याच्या अस्तराचा मागमूस नाही. दुसरे असे की निरोगी सायनोव्हियमच्या पेशी एक तर भक्षक पेशींच्या जातीच्या असतात, नाही तर तंतुपेशींच्या. अस्तर म्हटले तरी ते खऱ्या अर्थाने अस्तर-ऊतक नाही. त्यात केराटिन हे प्रथिन नसते. सायनोव्हियल सार्कोमात मात्र केराटिन आणि इएमए या अस्तर-पेशींच्या खुणा सापडतात. जे आईबापाकडे नाही ते लेकराकडे कसे आले, याचे उत्तर सांध्याच्या सिद्धांताला देता येत नाही.

३. एक बिघाड, दोन रूपे

१९८० च्या दशकाच्या मध्यात या गाठींच्या गुणसूत्रांत एक ठरावीक उलथापालथ दिसली: एक्स आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले. १९९४ मध्ये तिथली जनुके हाती लागली. १८ व्या गुणसूत्रावरचे एसएस१८ हे जनुक एक्सवरच्या एसएसएक्स जनुकाला चिकटते आणि दोहोंचे मिळून एकच जोडप्रथिन तयार होते. पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक सायनोव्हियल सार्कोमांत हा जोड असतो.

या जोडाची करामत समजून घेण्यासारखी आहे. एसएस१८ हे बीएएफ नावाच्या प्रथिनसमूहाचा भाग आहे. पेशीत कोणते जनुक उघडे ठेवायचे हे ठरवण्यात या समूहाचा हात असतो. एसएसएक्स एरवी जवळपास फक्त वृषणातच कामाला असते. जोडप्रथिन बीएएफ समूहात शिरले की समूहातला एक महत्त्वाचा घटक बाहेर ढकलला जातो, हे कडॉक आणि क्रॅबट्री यांनी २०१३ मध्ये दाखवले. मग एसएसएक्सचे शेपूट हा सगळा समूह बंद ठेवायच्या जनुकांकडे ओढून नेते आणि ती जनुके उघडतात. ग्रंथी बनवण्याचा कार्यक्रम आपल्या प्रत्येक पेशीच्या जनुकांत लिहिलेला आहेच. मांडीतल्या पेशीत तो कुलूपबंद असतो. कुलूप निघाले की पेशी तो चालवू लागते.

माझ्या मते सगळ्या युक्तिवादाची गुरुकिल्ली पुढच्या निरीक्षणात आहे. दोन रूपे असलेल्या गाठीतल्या लांबट पेशी वेगळ्या तपासल्या आणि ग्रंथीच्या पेशी वेगळ्या तपासल्या, तर दोहोंत तोच जोड सापडतो. म्हणजे दोन वंश एकत्र आले असे काही नाही. एकाच पेशीची संतती दोन तऱ्हांनी वागते आहे. काचेवर रूपे दोन दिसतात आणि वंश एकच निघतो. मग रूपावरून वंश ठरवायचा तरी कसा?

४. उंदरांची साक्ष आणि तिची मर्यादा

‘बरे, सांधा नाही तर मग कोण?’ हा प्रश्न मारिओ कपेकी यांच्या प्रयोगशाळेत मलय हलदर आणि सहकाऱ्यांनी धसास लावला. त्यांचा शोधनिबंध २००७ चा, कपेकींना नोबेल मिळाले त्याच वर्षीचा. त्यांनी हे जोडजनुक उंदरांच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या पेशींत चालू केले. भ्रूणातल्या फार आधीच्या पेशींत चालू केले तर पिल्लू जगलेच नाही. पूर्ण वाढलेल्या स्नायुतंतूंत चालू केले तर स्नायू रोगट झाले, पण गाठ आली नाही. मायएफ५ जनुक चालू असलेल्या, म्हणजे स्नायू होण्याच्या वाटेवरच्या कोवळ्या पेशींत चालू केले तेव्हा मात्र हुबेहूब सायनोव्हियल सार्कोमा उगवला, ग्रंथींसकट.

यावर कुणी म्हणेल, सापडले की कूळ, स्नायूचे! इतके सोपे ते नाही. याच गटाने २००९ मध्ये जोडजनुक शरीरभर विखुरलेल्या पेशींत अधूनमधून चालू होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा स्नायूबाहेरही गाठी आल्या. शिवाय माणसाच्या फुप्फुसातली गाठ कोणत्या पेशीतून निघाली, हे उंदराच्या पायावरून सांगता येत नाही. प्रयोगाने सिद्ध झाले ते असे: बिघाड वाटेल त्या पेशीत चालत नाही, त्याला पेशीची एक कच्ची, वळण घेऊ शकणारी अवस्था लागते. उगमाला महत्त्व आहे, पण ते ‘कोणत्या टप्प्यावरची पेशी’ या अर्थाने. ‘कोणत्या अवयवाची’ या आपल्या नेहमीच्या प्रश्नाला तिथे जागा नाही.

५. सत्तर वर्षे न सापडलेले मूळ

आता त्याहून दुर्मीळ गाठ, अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा. ती सार्कोमांत एक टक्क्याहूनही कमी. तरुण वयात, बहुधा मांडीत. लहान मुलांत जिभेवर किंवा डोळ्याच्या खोबणीत. १९५२ मध्ये ख्रिस्तोफरसन, फूट आणि स्ट्युअर्ट यांनी तिचे नामकरण केले. त्यांनी नाव देताना कुळाचा दावाच केला नाही. गाठ जशी दिसते आणि जिथे असते तेवढेच नावात घातले. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

ही गाठ काचेवर एकदा पाहिली की विसरत नाही. मोठ्या, बहुकोनी पेशींचे पुंजके, प्रत्येक पुंजक्याला नाजूक रक्तवाहिन्यांचे कुंपण. पुंजक्याच्या मध्यातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि पोकळी दिसू लागते. पेशीद्रव गुलाबी, दाणेदार. केंद्रकात ठळक केंद्रिका. पीएएस रंग दिला, आधी डायास्टेजने ग्लायकोजन पचवून टाकले, तरी पेशीत किरमिजी स्फटिक उरतात, काही सळईसारखे लांब, काही समभुज चौकोनी. हे स्फटिक कशाचे, यावर पन्नास वर्षे तर्क चालले. २००२ मध्ये कळले की ते एमसीटी१ आणि सीडी१४७ या, पेशीच्या पटलावर वावरणाऱ्या प्रथिनांचे साठे आहेत. या स्फटिकांवरून, दाण्यांवरून, पुंजक्यांवरून कुणी तिला स्नायूची म्हटले, कुणी चेतापेशींच्या कुळातली म्हटले. एकाचेही सिद्ध झाले नाही.

२००१ मध्ये तिचा बिघाड सापडला: एएसपीएससीआर१ आणि टीएफई३ या जनुकांचा जोड. त्याच वर्षी उघड झाले की तरुणांना होणाऱ्या मूत्रपिंडाच्या एका कर्करोगातही हाच जोड असतो. ही गोष्ट माझ्या म्हणण्याला एका बाजूने बळ देते आणि दुसऱ्या बाजूने लगाम घालते. बळ असे, की सार्कोमा आणि कार्सिनोमा (अस्तर-पेशींचा कर्करोग) ही कुळाची भिंत एक बिघाड सहज ओलांडतो. लगाम असा, की नुसता जनुकाचा रिपोर्ट हातात घेऊन निदान करता येणार नाही. गाठ मांडीत आहे की मूत्रपिंडात आणि काचेवर तिचे वागणे कसे आहे, हे पाहावेच लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या दोन्ही गाठी आज ‘अनिश्चित विभेदनाच्या गाठी’ या प्रकरणात आहेत. रुग्णाला हे शब्द ऐकवले की त्याला वाटते डॉक्टरांना काही कळलेले नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. या गाठींविषयी पुष्कळ कळल्यामुळेच खोटे कूळ चिकटवणे थांबले.

६. कुळाच्या हट्टाची किंमत

खोटे कूळ चिकटवल्याने काय होते? मॅलिग्नंट फायब्रस हिस्टिओसायटोमा हे निदान १९६० च्या दशकात आले. वेड्यावाकड्या, महाकाय केंद्रकांच्या पेशी पाहून त्या हिस्टिओसाइट या भक्षक पेशीपासून निघाल्या असाव्यात असे मानले गेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रौढांत सर्वाधिक लिहिला जाणारा सार्कोमा तो हाच. १९९२ मध्ये क्रिस्टोफर फ्लेचर यांनी अशा १५९ गाठी पुन्हा तपासल्या. निम्म्याहून अधिक गाठी दुसऱ्याच ठरावीक सार्कोमा निघाल्या, काही तर सार्कोमाच नव्हत्या. हिस्टिओसाइटचा पुरावा मिळाला नाही. २०१३ च्या वर्गीकरणातून ते नाव काढूनच टाकण्यात आले. अब्रिकोसोव्ह यांनी १९२६ मध्ये वर्णन केलेली, जिभेवर होणारी दाणेदार पेशींची गाठही अशीच स्नायूची म्हणून मिरवत राहिली. पुढे ती चेतातंतूंच्या श्वान पेशींच्या वळणाची निघाली. हातातल्या काचा बदलल्या नव्हत्या, त्यांच्यावर लादलेली वंशावळ बदलली.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: रूप उगम सांगत नसेल तर सूक्ष्मदर्शक हवाच कशाला, सरळ जनुके तपासा. वर मूत्रपिंडाचे उदाहरण दिले तेच याचे उत्तर. कोणती जनुके तपासायची हेही काच पाहिल्याशिवाय ठरत नाही. भारतीय विकृतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथली प्रयोगशाळा उभी केली. १९४५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेला निबंध लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांच्या संबंधावर होता. धोतर कमरेला जिथे घट्ट आवळले जाते तिथल्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद त्यात आहे. पेशी पाहून ते थांबले नाहीत, ती पेशी कुणाच्या अंगावर, कुठे आणि कशाने बिघडली हे त्यांनी विचारले. सूक्ष्मदर्शकाचा असा वापर कालबाह्य होत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: नाव काहीही असो, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार तेच, मग एवढा काथ्याकूट का? दहा-पंधरा वर्षांपूर्वी या म्हणण्यात तथ्य होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमासाठी अटेझोलिझुमॅब हे औषध मान्य झाले. ४९ रुग्णांच्या चाचणीत सुमारे चोवीस टक्के रुग्णांच्या गाठी आटल्या. नेहमीची केमोथेरपी या गाठीत जवळजवळ निरुपयोगी असते. उलट सायनोव्हियल सार्कोमा आयफॉस्फामाइड या केमोच्या औषधाला बऱ्यापैकी दाद देतो, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्यासाठी रुग्णाच्याच टी पेशी बदलून केलेला उपचारही तिथे मान्य झाला. हे नवे उपचार आपल्याकडे सर्वांच्या आवाक्यात नाहीत, हे खरे. पण जुन्या केमोथेरपीचा निर्णयही नेमक्या नावावरच अवलंबून आहे. चुकीच्या नावाने निरुपयोगी केमो सोसणारा तरुण आपल्या डोळ्यांसमोर केस आणि पैसा दोन्ही गमावतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो: हे सारे मुंबईत ठीक, मराठवाड्यात कसे जमायचे? छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे, घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासून. रुग्णांची कमी नाही, तज्ज्ञही आहेत. तरीही दुर्मीळ गाठीचे निदान बिघडते ते बहुधा रुग्ण तिथे पोहोचण्याच्या आधी. ‘चरबीची गाठ आहे’ म्हणून तालुक्याच्या गावी ती काढली जाते. कधी तपासायला पाठवलीच जात नाही, कधी सलाइनच्या बाटलीत टाकून दिवसभर ठेवली जाते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फॉर्मेलिनविना पडलेली पेशी काही तासांत विरघळू लागते. फॉर्मेलिन ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरते. नारळाएवढी गाठ न चिरता बरणीत टाकली तर तिचा गाभा सडून जातो. अशा ठोकळ्यावर जगातली कुठलीही जनुकीय तपासणी चालणार नाही. म्हणजे सुधारणेची सुरुवात महागड्या यंत्रापासून करायची गरज नाही. दहा टक्के बफर केलेले फॉर्मेलिन, गाठीच्या दहापट, आणि गाठ उभी चिरून ठेवणे, एवढे ग्रामीण रुग्णालयालाही परवडते. चांगला ठोकळा देवगिरी एक्स्प्रेसने रातोरात मुंबईला जाऊ शकतो; सडलेल्या ठोकळ्याला मुंबईतही इलाज नाही.

चौथा आक्षेप लोकांच्या तोंडून येतो: सुई लावली की गाठ पसरते. अनुभवी हाताने, पुढच्या शस्त्रक्रियेत काढून टाकता येईल अशा मार्गाने जाड सुईचा तुकडा घेतला, तर हा धोका नगण्य असतो. तुकडा न घेता अंदाजाने अर्धवट कापलेली गाठ मात्र आजूबाजूचे थर खरोखर बाधित करते आणि पुढची शस्त्रक्रिया दुप्पट मोठी करून ठेवते. निरुपद्रवी गाठी घातक गाठींच्या सुमारे शंभरपट असतात, त्यामुळे प्रत्येक गाठीला घाबरू नये. पण पाच सेंटिमीटरहून मोठी, खोल किंवा वाढत जाणारी गाठ दुखत नाही म्हणून सोडून देऊ नये. यांपैकी पुष्कळ गाठी सुरुवातीला दुखत नाहीतच.

काय बदलायला हवे

रिपोर्ट लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, की नावासोबत दोन ओळी जास्त लिहा: निदान कशावरून केले, कोणती खूण तपासली, कोणती तपासणी राहिली. खात्री नसेल तर तसे लिहा. ‘एसएस१८ ची फिश तपासणी आवश्यक’ (फिश म्हणजे जनुकाचा जोड शोधणारी तपासणी) हे वाक्य दडपून दिलेल्या निदानापेक्षा रुग्णाच्या जास्त उपयोगाचे आहे. गाठ काढणाऱ्यांनी तपासणीच्या फॉर्मवर वय, नेमकी जागा, खोली, आकार आणि वाढीचा काळ लिहावा. ‘मांडीतील गाठ’ एवढ्या दोन शब्दांवर कुणीही निदान करू नये. मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंद होते. औरंगाबादचीही (आजच्या छत्रपती संभाजीनगरची) नोंद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. ‘सार्कोमा, प्रकार अनिश्चित’ असे हजार वेळा लिहिले गेले तर मराठवाड्यात कोणत्या गाठी किती होतात, हे पुढच्या पिढीलाही कळणार नाही.

आणि वाचकांनो, घरात कुणाची गाठ काढली गेली असेल तर रिपोर्टच्या कागदावर समाधान मानू नका. मेणाचा ठोकळा आणि काचा लॅबमधून रीतसर मागून घ्या, उन्हापासून दूर ठेवा आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना बरोबर न्या. ‘कशाचा कॅन्सर’ असे विचारण्याऐवजी विचारा: निदान कशावरून केले, अजून कोणती तपासणी करता येईल, आणि ती आमच्या ठोकळ्यावर होऊ शकेल का? नीट जपलेल्या ठोकळ्यावर कित्येक वर्षांनीही तपासणी करता येते.